बंगल्याची किल्ली

घड्याळजींनी त्या सकाळी उठल्या उठल्या भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाचं काचेचं दार उघडलं, मान वाकडी करून आत पाहिलं, दार लावलं, चहा ठेवला आणि परत येऊन पुन्हा उघडून पाहिलं. लंबक हलत होता. लंबक ज्याला टांगला होता तो काळ्या तारेचा लांब आकडाही जागच्या जागी होता. तबकडीच्या मागे, वर अंधारात, मुद्दाम कुणी तोंड खुपसल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी.

अकरा वर्षं तो तिथे होता आणि अकरा वर्षांत कुणी तोंड खुपसलं नव्हतं. पण आज त्यांच्या दोन्ही बहिणी एकाच वेळी या खोलीत येणार होत्या, आणि त्याही नेमकी त्याच आकड्याची गरज पडेल अशा कामाला.

आई गेल्यावर जे भांडण झालं तेव्हापासून दोघी एकत्र कधी आल्याच नव्हत्या. थोरली, जिला सगळं घर ताई म्हणतं, ती सोमवारी आणि गुरुवारी यायची. धाकटी, म्हणजे बारकी, मंगळवारी आणि शनिवारी. हे वार कुणी वाटून दिले नव्हते. एकमेकींचं तोंड बघायचं नाही एवढं एकदा ठरलं की वार आपोआप पडतात. दोघीही येताना विधुर भावासाठी डबा आणायच्या. ताईच्या डब्यात काय होतं हे बारकी कधी विचारायची नाही, फक्त रिकामा डबा ओट्यावर दिसला की झाकण उघडून हुंगायची आणि म्हणायची, "मीठ जास्त झालं असेल." ताई आपल्या वारी आली की बारकीचा डबा एका बोटाने बाजूला सारायची आणि ते बोट पदराला पुसायची.

बहिणी भांडतात त्याला काही ना काही मोठं कारण असतं. घर असतं, जमीन असते, दागिने असतात. या दोघी भांडल्या त्या केसांत खोचायच्या एका आकड्यावरून. आता तुम्हाला हसू येणार, येऊ द्या. घड्याळजींनाही पहिल्या दिवशी आलं होतं.

त्यांच्या आईचा सव्विसाव्या वर्षीचा एक फोटो आहे. त्यात कपाळाच्या दोन्ही बाजूंना केसांच्या दोन जाड वळकट्या, मध्ये सरळ भांग, आणि मागचे सगळे केस वर चढवून बांधलेला उभा अंबाडा. एक बट इकडची तिकडे नाही. वडिलांनी त्या केशरचनेला नाव ठेवलं होतं बंगला. "हिने बंगला बांधला की रस्त्यात लोक थांबून बंगला बघतात, शेजारी कोण चाललंय हे कुणी बघत नाही," अशी त्यांची तक्रार असायची, आणि ती ते सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. बंगला बांधायला दीड तास लागे. पाया म्हणून केसांखाली जुन्या मोज्याची उशी असे, आणि त्या उशीत आईचेच विंचरताना निघालेले केस भरलेले. बाजारातले आकडे या वजनाखाली वाकायचे, म्हणून वडिलांनी, जे स्वतः घड्याळंच दुरुस्त करायचे, घड्याळाच्या कामाच्या तारेतून तिला आकडे करून दिले होते. दोन पायांचे, काळे, पायांना बारीक नागमोड दिलेली, म्हणजे केसांतून सुटणार नाहीत. असे चाळीस, आणि एक्केचाळिसावा दोन बोटं जास्त लांब. तो सगळ्यात शेवटी, वरून, दोन्ही वळकट्यांना धरून मागच्या अंबाड्यात जाई. आई त्याला किल्ली म्हणायची. घालताना मोजून आणि काढतानाही मोजून, हा तिचा नियम, आणि मोजणी एक्केचाळिसावर पोचेपर्यंत घराला आग लागली तरी तिने मान वळवली नसती.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी तिघं भावंडं तिच्या खोलीत सामान आवरायला बसली. घड्याळजींच्या वाट्याला भिंतीवरचं घड्याळ आलं. ते उतरवताना लंबकाची तार तुटली. बहिणी आत चहा करत होत्या, आकड्यांचा डबा टेबलावर उघडा होता, आणि किल्ली त्या घड्याळात अशी चपखल बसली की जणू त्यासाठीच कापली होती. बसणारच. वडिलांनी दोन्हीकडे एकच तार वापरली होती. तेवढ्यात चहा आला आणि बहिणी डबा वाटून घ्यायला बसल्या. केसांचे आकडे निम्मे निम्मे वाटून घेणारं दुसरं घर शोधून सापडायचं नाही, पण या घरात वडिलांनी संत्रंसुद्धा फोडी मोजून वाटलं होतं. वीस तुला, वीस मला, आणि किल्ली सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. मोजले तर चाळीसच. किल्ली नाही.

"तू उचललीस," ताई म्हणाली.

"मी कशाला उचलू, तूच आधी डबा उघडलास," बारकी म्हणाली.

तिथून दवाखान्यात आईपाशी कोण किती रात्री बसलं इथवर यायला त्यांना दहा मिनिटं लागली, आणि तिथून कुणाच्या लग्नात कुणाचा मान राहिला नाही इथवर आणखी पाच. घड्याळजी दारात पेचकस घेऊन उभे होते. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. संध्याकाळी सांगू, असं म्हणून मिटलं. संध्याकाळी दोघी बोलायच्या बंद झाल्या होत्या.

मग त्यांनी का सांगितलं नाही, याचं एक कारण भीती. पण अकरा वर्षं पुरेल एवढी भीती कुणाला नसते. दुसरं कारण त्यांनी कुणाजवळ काढलं नव्हतं. त्याआधी दोघी बहिणी म्हणजे एक जीव. रोज तासभर फोन, आणि हा मधला भाऊ कुणाच्या खिजगणतीत नाही. ताईला नातू झाला हे घड्याळजींना न्हाव्याकडून कळलं होतं, अर्धी दाढी झालेली असताना. भांडण झालं आणि बोलायला कुणी उरलं नाही म्हणून दोघी त्यांच्याकडे यायला लागल्या. बायको गेल्यावर ज्या घरात फक्त घड्याळं बोलत होती, तिथे आठवड्यातले चार दिवस माणसं यायला लागली. किल्ली परत केली की हे चार दिवस गेले, हा हिशोब त्यांना त्या काळ्या तारेइतका स्पष्ट दिसत होता.

आणि आता बारकीच्या मुलीने लग्न ठरवलं होतं. नोंदणी कार्यालयात, सकाळी साडेअकराची वेळ, वीस माणसं, भाषणं नाहीत. सगळं साधं म्हणता म्हणता पोरगी म्हणाली, "केस मात्र आजीसारखे. मला बंगला पाहिजे. मागची बाजू मावशीला येते, पुढची आईला येते, आणि आकडे दोघींकडे निम्मे आहेत. तेव्हा दोघींनी यायचं. नाहीतर मी टोपी घालून लग्न करीन." ती करणारी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. एकमेकींच्या घरी जायला दोघी तयार नव्हत्या, म्हणून मामाचं घर.

आठच्या ठोक्याला ताई आली. ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती, पण ही बातमी तिच्या आवाजापर्यंत अजून पोचलेली नव्हती.

"खुर्ची खिडकीपाशी घे. उजेड डाव्या बाजूने हवा. आरसा कुठाय? हा आरसा? यात तुझं तुला तरी दिसतं का?" तिने पर्समधून एक कंपासपेटी काढली आणि उघडून टेबलावर ठेवली. आत वीस आकडे एका रांगेत, प्रार्थनेला उभे केल्यासारखे.

पाच मिनिटांनी बारकी आली. ती कपडे शिवते, त्यामुळे तिच्या मनगटाला टाचण्यांची गादी बांधलेली होती आणि तिच्यात तिचे वीस खोचलेले. मागून नवरी. तिच्या डोक्याला रुमाल, आणि रुमाल काढला तेव्हा आतून चिंध्यांना गुंडाळलेल्या बटांची पंचवीसेक बोंडं बाहेर आली. आदल्या संध्याकाळी जवस उकळून त्याच्या चिकट पाण्यात केस भिजवून बांधले होते.

"या डोक्याने मी बसमधून आले, मामा," नवरी म्हणाली. "एका आजोबांनी उठून जागा दिली. त्यांना वाटलं मला काहीतरी लागलंय."

बारकीने खोलीत नजर फिरवली. ती ताईवरून अशी गेली जशी रिकाम्या भिंतीवरून जाते, आणि घड्याळजींवर येऊन थांबली. "दादा, विचार, कंगवा धुतलाय का."

ताई कंगव्याचे दात उजेडात धरून बघत होती. "सांग तिला, उकळलाय."

"उकळलाय," घड्याळजी म्हणाले.

"आई, मावशी तुझ्यापासून हातभर लांब उभी आहे," नवरी म्हणाली.

"हो का. मला दिसली नाही." बारकीने चार आकडे गादीतून काढून ओठांत धरले. ओठांत आकडे असले की तिला बोलता येत नाही असा लोकांचा समज होता. तो खोटा होता.

काम सुरू झालं. चिंध्या सुटल्या, बटा गुंडाळलेल्या जिलब्यांसारख्या खाली आल्या. ताई मागे, कारण लहानपणी ती आईच्या मागे उभी राहून हातात आकडे द्यायची. बारकी पुढे, कारण ती तेव्हा पाटावर बसून आईकडे खालून टक लावून बघायची. एकीला बंगल्याची मागची भिंत पाठ, दुसरीला पुढची, आणि मध्ये नवरीचं डोकं, जे दोन्ही बाजूंनी ओढलं जात होतं.

"तिला सांग, कंगवा उलटा मारायचा तो मुळाशी. टोकापर्यंत नको. पोरीच्या डोक्याचं घरटं होईल."

"सांग, तीस वर्षं मी लोकांना नटवतेय. शाळेत तास घेत नाहीये."

"सांग तिला, तीस वर्षं चुकीचं केलं म्हणजे ते बरोबर होत नाही."

"मावशी म्हणतेय," नवरीने सुरुवात केली.

"मी ऐकलं," बारकी म्हणाली.

"मग मी कशाला सांगू?"

"पद्धत आहे," दोघी एकदम म्हणाल्या, आणि दोघींनाही ते आवडलं नाही.

घड्याळजी कोपऱ्यातल्या कामाच्या टेबलाशी एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. भिंग डोळ्याला होतं, पण दुसऱ्या डोळ्याने ते भिंतीकडे बघत होते. टिकटिक आज त्यांना नेहमीपेक्षा मोठी वाटत होती.

उशी बसली. ताईने मागचे केस पंज्यात गोळा करून वर वळवले आणि हात पुढे केला. "एक," ती म्हणाली आणि पहिला आकडा खोचला. तिची सवय. बारकीने पुढची बट दोन बोटांवर गुंडाळत कपाळाकडे आणली, मुळाशी दाबली. "दोन," ती म्हणाली.

घड्याळजींचा हात थांबला.

"तीन."

"चार."

दोघींनाही कळलं नव्हतं. लहानपणी त्या अशाच मोजायच्या, आईच्या मागून एक, पुढून एक, आणि घड्याळजी दाराबाहेर उभे राहून ऐकायचे, कारण मुलग्यांना त्या खोलीत त्या वेळी मज्जाव असे. अकरा वर्षांनी बहिणी एकमेकींना उत्तर देत होत्या आणि मध्ये कुणाला निरोप्या ठेवलं नव्हतं. त्यांना इतकं बरं वाटलं की भिंगाच्या आत डोळा ओला झाला, आणि लगेच आकडे संपत चाललेत हे आठवून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वीस. सत्तावीस. डावी वळकटी उभी राहिली. तेहतीस. उजवी उभी राहिली. नवरी श्वाससुद्धा बेताने घेत होती.

"एकोणचाळीस."

"चाळीस."

आणि सगळं थांबलं. आईने जिथे शेवटचा शब्द म्हटला असता तिथे फक्त टिकटिक. कंपासपेटी रिकामी होती, गादी रिकामी होती, आणि दोघींचे हात नवरीच्या डोक्यावर तसेच धरलेले.

"सोडून बघू या," नवरी म्हणाली.

सोडलं. बंगला उभा राहिला. तेवढ्यात खालून गाडीचा हॉर्न वाजला, नवरीने नकळत खिडकीकडे मान केली, आणि डावा मजला सावकाश, सभ्यपणे, कानावर येऊन बसला.

"बाबा आहेत," नवरी म्हणाली. "त्यांना सांगा, पडझड चालू आहे."

साडेदहा झाले होते. बारकीने बाजारातली मोठी पिन लावून पाहिली. वाकली. ताईने विणायची सुई मागितली. घड्याळजींच्या घरात विणायची सुई असण्याचं कारण नव्हतं, त्यांनी बारीक पेचकस दिला. पेचकस आरपार जाऊन पलीकडे निघाला आणि नवरी डोक्यात बाण लागल्यासारखी दिसू लागली. दोन्ही वळकट्या मधल्या भांगाकडे झुकायच्या, मग एक घसरायची, मग तिच्या दुःखाने दुसरी.

"याला किल्लीच लागते," ताई म्हणाली. तिने कंगवा टेबलावर ठेवला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा बारकीच्या तोंडाकडे बघितलं. "हे बघ. झालं ते झालं. पोरीचं लग्न आहे. असेल तर काढ."

बारकीने ओठांतली पिन काढली. "माझ्याकडे असती तर मी माझ्याच मुलीच्या लग्नात लपवून ठेवली असती? एवढी मी नीच आहे?"

ताई हे मनात तपासून बघत होती, चुकीचं उत्तर कापण्याआधी तपासतात तसं.

"आणि तुझ्याकडे असती," बारकीचा आवाज खाली आला, "तर तू आज नुसते वीस घेऊन आली असतीस का? तू तर किल्ली अशी आणली असतीस, आणि माझ्या नाकावर टिच्चून लावली असतीस."

"लावलीच असती," ताई म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. अकरा वर्षं जी गोष्ट दोघींनी एकदाही विचारात घेतली नव्हती ती आता खुर्चीच्या दोन्ही बाजूंना उभी होती. घड्याळजींनी भिंग काढून पुसलं. न बोलता बसलं तर अजूनही निभावेल, असं त्यांना एक क्षण वाटलं. आई हरवून बसली असेल, असं ठरेल. दोघी समेट करतील. किल्ली तिथेच राहील, त्यांना दोष लागणार नाही.

मग आरशात नवरीचा चेहरा दिसला. ती रडत नव्हती. ती हात वर करून स्वतःच एक एक आकडा काढायला लागली होती. "राहू दे, आई. मी मोकळे सोडते. चांगले दिसतात मोकळे," ती म्हणाली, आणि तिने ते इतकं समजूतदारपणे म्हटलं की घड्याळजींना ते सोसलं नाही.

ते उठले. भिंतीपाशी गेले, काचेचं दार उघडलं, डाव्या हाताने लंबक धरला आणि उजवा हात तबकडीमागे घातला. टिकटिक थांबली. ते घड्याळ त्या घरात कधी थांबलं नव्हतं, त्यामुळे तिघींनी एकदम मान वळवली. नवरीचा उजवा मजलाही पडला.

घड्याळजींनी किल्ली रुमालाने पुसली आणि टेबलावर, दोन्ही बहिणींच्या बरोबर मध्ये ठेवली. मोजून मध्ये. तेवढी अक्कल त्यांना होती.

खालून पुन्हा हॉर्न वाजला.

"दादा," बारकी म्हणाली.

"सामान वाटत होतो त्या दिवशी लंबकाची तार तुटली," घड्याळजी म्हणाले. "समोर दिसली म्हणून लावली. तुम्ही चहा करत होतात. सांगणार होतो संध्याकाळी."

"कुठल्या संध्याकाळी?" ताईने विचारलं.

ताईने कंगवा उचलला तेव्हा घड्याळजी एक पाऊल मागे सरकले.

"आधी किल्ली लावा," नवरी आरशातून म्हणाली. "मग मामाचं काय करायचं ते करा. मी मध्ये पडणार नाही."

बहिणींनी बांधायला घेतलं. आता निरोप बिरोप काही नव्हते, "धर", "सोड", "अगं इकडून", "माझं बोट आहे ते". ताईचा खांदा गेल्या वर्षापासून वर जात नव्हता, हे बारकीला माहीत नव्हतं. वळकट्या मध्ये आणून ताईने किल्ली उचलली, हात वर नेला आणि तो कानाच्या उंचीवर अडकला. बारकीने पाहिलं. काही न विचारता तिने ताईच्या कोपराखाली तळवा लावला आणि तो हात वर उचलून धरला. किल्ली दोन्ही वळकट्यांतून आत गेली, अंबाड्यात रुतली, आणि टक असा बारीक आवाज आला.

"एक्केचाळीस," दोघी म्हणाल्या.

नवरीने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, मग जोरात हलवली. बंगला हलला नाही. फोटोतल्यासारखाच होता, फक्त त्याच्याखालचा चेहरा हसत होता. बारकी रडली, ताईने नाक शिंकरलं, आणि घड्याळजींना वाटलं, चला, यातच विसरतील. पण तो गैरसमज होता.

"तुझ्या मामाला विचार," ताई नवरीला म्हणाली, "अकरा वर्षं हा सोमवारी माझ्याकडून एक ऐकत होता, मंगळवारी हिच्याकडून दुसरं, आणि याला एकदाही लाज कशी वाटली नाही."

"आणि हेही विचार," बारकी म्हणाली, "की डबे कुणाचे जास्त खाल्ले."

"मावशी आणि आई विचारतायत," नवरीने सुरुवात केली.

"मी ऐकलं," घड्याळजी म्हणाले. आता लपवायला काही राहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी खरं ते सांगून टाकलं. "लाज वाटली. रोज वाटली. पण तुम्ही दोघी बोलत होतात तेव्हा माझ्याकडे कोण येत होतं? ताईला नातू झाला ते मला न्हाव्याने सांगितलं. बायको गेल्यावर घरात दिवसदिवस आवाज नसायचा. मग तुम्ही भांडलात आणि यायला लागलात. मला वाटलं, किल्ली दिली की तुम्ही पुन्हा एक व्हाल आणि मी पुन्हा बाहेर. म्हणून नाही दिली."

ताई कंपासपेटी मिटत होती, ती मिटत नव्हती.

"सांग त्याला," ती शेवटी म्हणाली, "मूर्ख आहे."

"सांग, वयाच्या मानाने जरा जास्तच," बारकी म्हणाली.

गाडीत दोघी मागे नवरीच्या दोन्ही बाजूंना बसल्या, तिचं डोकं दारावर आपटू नये म्हणून. घड्याळजींना पुढे बसवलं आणि सगळ्या रस्त्यात त्यांच्याशी कुणी बोललं नाही. मागे मात्र अकरा वर्षांचं साचलेलं बाहेर पडत होतं. कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाचे दात कुठे बसवले, खांद्याला कुठला डॉक्टर. घड्याळजींना यातलं बरंचसं आधीच माहीत होतं, आणि दोनदा त्यांनी मध्ये दुरुस्ती केली, तर मागून गप्प झाल्याचा आवाज आला. कार्यालयात सह्या झाल्या. अधिकारी बाई नवरीच्या डोक्याकडे बघत राहिल्या आणि तारखेच्या जागी नाव लिहून बसल्या, तो कागद बदलावा लागला. टोपी घातली असती तर हे झालं नसतं, असं नवरीचे वडील म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं तेवढंच भाषण.

चार वाजता सगळे पुन्हा घड्याळजींच्या घरी आले, कारण बंगला उतरवायचा तर मोजून उतरवायचा. नवरी त्याच खुर्चीवर बसली. या वेळी किल्ली पहिली निघाली. मग एकीने एक म्हणायचं, दुसरीने दोन, अशी मोजणी चाळिसावर पोचली. ताईने आपले वीस बारकीच्या वीसमध्ये मिसळले आणि आईच्या जुन्या डब्यात टाकले, जो इतकी वर्षं कुणीच नेला नव्हता म्हणून घड्याळजींकडे स्क्रू ठेवायला होता. स्क्रू तिने बशीत ओतले.

"डबा पोरीचा," ताई म्हणाली.

"पोरीचाच," बारकी म्हणाली.

किल्ली टेबलावर राहिली होती. घड्याळजी तिच्याकडे बघायचं टाळत होते. भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून पंचावन्न मिनिटांवर थांबलेलं होतं आणि खोली विचित्र शांत होती. ताईने किल्ली उचलली, बारकीकडे पाहिलं. बारकीने खांदे उडवले, मान हलवली. मग ताईने किल्ली नवरीच्या हातात दिली.

"तुझ्या मामाला सांग, घड्याळ बंद पडलंय त्याचं. घड्याळजीच्या घरात बंद घड्याळ बरं दिसत नाही."

"सांग, लग्नकार्याला लागेल तेव्हा आम्ही येऊन घेऊन जाऊ," बारकी म्हणाली. "तोवर राहू दे तिथे. बाबांनी दोन्हीकडची तार एकच घेतली होती ना."

नवरीने किल्ली मामाच्या तळहातावर ठेवली आणि निरोप सांगण्याच्या भानगडीत पडली नाही.

घड्याळजींनी लंबक टांगला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. टिकटिक सुरू झाली. मागे वळले तेव्हा दोघी दारात चपला घालत होत्या, एकमेकींच्या खांद्याला धरून.

"मामाला सांग, सोमवारी येऊ," ताई नवरीला म्हणाली. "दोघी. डबा एकच असेल."

घड्याळजींनी मनात हिशोब केला. चार दिवसांचा एक दिवस झाला. चार डब्यांचा एक डबा. त्यांना वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, पण वाईट वाटलं.

जिन्यात पावलं उतरत गेली, मग मधल्या वळणावर थांबली. खाली काहीतरी कुजबुज झाली. मग ताईचा आवाज वर आला, शाळेच्या मैदानावरून यायचा तसा, आणि या वेळी तो मधल्या कुणाला उद्देशून नव्हता.

"आणि काय रे, मंगळवारचा आणि गुरुवारचा डबा काय शेजारी देतील? डबे धुऊन ठेव सगळे."

"आणि शनिवारचाही, दादा," बारकी म्हणाली. "तिच्या डब्यात मीठ जास्त असतं."